गामाने बडोद्यात नेमके काय उचलले?

कोल्हापुरातल्या तालमीत मेहनत संपली, अंगाची माती उतरली की गप्पांमध्ये गामा पैलवानाचे नाव हमखास निघते. रोज पाच हजार बैठका, तीन हजार जोर, दहा लिटर दूध आणि बडोद्यात उचललेला बाराशे किलोंचा दगड. हे आकडे जुन्या वस्तादांकडून नव्या पोरांकडे येतात. एखादा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा ते जसेच्या तसे खरे धरतो आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतो. म्हणूनच ते एकदा तोलून पाहायला हवेत.

गुलाम मुहम्मद बक्ष ऊर्फ गामा याचा जन्म १८७८ चा, पंजाबातल्या अमृतसर परिसरातला. घराणे काश्मिरी पैलवानांचे. वडील लहानपणीच वारले, तेव्हा आजोबा आणि मामाने त्याला तालमीत घातले. १८८८ मध्ये जोधपूरला बैठकांची मोठी स्पर्धा झाली. चारशेहून अधिक पैलवानांत दहा वर्षांचा गामा शेवटच्या पंधरांत टिकला, असे सांगतात. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला. सतराव्या वर्षी तो रहीमबक्ष सुलतानीवाला या जवळजवळ सात फुटी मल्लाशी लढला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. त्या दिवसापासून गामाचे नाव हिंदुस्थानभर झाले.

बडोद्याची गोष्ट यानंतरची. तिथल्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने तो उचलला, अशी त्याची नोंद. उंची अडीच फूट, वजन बाराशे किलो. गामा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दगड छातीपर्यंत उचलून तो काही पावले चालला, असेही सांगितले जाते.

आता साधा हिशेब करू. एक घनफूट दगड साधारण ७५ किलो भरतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही अडीच फूट असलेला चौकोनी ठोकळा धरला, तर वजन ११७५ किलोंच्या आसपास येते. म्हणजे बाराशेचा आकडा हवेतला नाही. पण दगड ढोलासारखा गोलाकार धरला तर तेच वजन ९२० किलोंवर येते आणि पूर्ण गोल धरला तर ६१५ किलोंवर. कडा आणि कोपरे जितके झिजलेले, तितके वजन कमी.

यातला सर्वांत हलका आकडा घेतला, तरी तो माणसाच्या ताकदीपलीकडचा आहे. २०२० मध्ये आइसलंडच्या हाफथॉर ब्यॉर्नसनने लोखंडी दांड्यावरचे ५०१ किलो वजन जमिनीवरून मांडीपर्यंत उचलले. त्यानंतर हा विक्रम थोडाफारच पुढे सरकला आहे. हा माणूस पावणेसात फूट उंच, वजन दोनशे किलोंच्या घरात. शिवाय दांडा मुठीत नीट बसतो आणि वजन पायांच्या अगदी जवळ राहते. गोल दगडाला मूठ बसत नाही, त्याला मिठी मारावी लागते, आणि तो शरीरापासून पुढे राहिल्याने कमरेवरचा ताण कितीतरी वाढतो. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या टॉम स्टोल्टमनने केलेला गोल दगडाचा विक्रम म्हणूनच २८६ किलोंचा आहे. लंडनला गेला तेव्हा गामाची उंची पाच फूट सात इंच आणि वजन नव्वद किलोंच्या आसपास होते. बाराशे किलो छातीशी घेऊन चालणे या शरीराला शक्य नव्हते. हाडे, कणा आणि स्नायूंना जोडणारे कंडरे यांची मर्यादा त्याच्या फार अलीकडे येते.

मग गोष्ट खोटी म्हणायची का? तसेही नाही. सगळा घोळ 'उचलला' या एका शब्दात आहे. दगड एका कडेवर ठेवून दुसरी कड वर करायची असेल, तर सुरुवातीला निम्मेच वजन पेलावे लागते आणि दगड कलेल तसे तेही कमी होत जाते. पाठीवर वजन तोलायचे असेल, तर गणित आणखी बदलते. कॅनडाच्या लुई सीरने १८९५ मध्ये बोस्टनला फळीवर अठरा धिप्पाड माणसे उभी करून ती पाठीने वर ढकलली होती. ते वजन सुमारे १९६५ किलो भरले. या प्रकारात गुडघे जवळजवळ सरळ असतात, भार हाडांवरून थेट जमिनीत जातो आणि स्नायूंना शेवटचा इंचभरच ढकलायचे असते. गामाने बडोद्यातला दगड हलवला, कलवला किंवा पाठीने तोलला असेल, तर शरीरशास्त्राला त्यात काहीच खटकत नाही. खटकते ती छातीशी धरून चाललेली पावले.

बैठकांचा हिशेब उलट गामाच्या बाजूने जातो. दोन सेकंदांना एक बैठक धरली, तर पाच हजारांना पावणेतीन तास लागतात. तीन सेकंदांना एक जोर धरला, तर तीन हजारांना अडीच तास. पहाटे आणि संध्याकाळी मिळून सव्वापाच तासांची मेहनत. लहानपणापासून सवय असलेल्या आणि दुसरे काम नसलेल्या दरबारी मल्लाला ती अशक्य नाही.

खुराकाचे तसे नाही. म्हशीचे दहा लिटर दूध म्हणजे सुमारे दहा हजार कॅलरी. अर्धा लिटर तूप आणि दीड पौंड बदाम यांच्या आणखी आठ हजार. विश्रांतीत शरीर जितक्या कॅलरी खर्च करते, त्याच्या साधारण अडीच पटच ऊर्जा माणूस महिनोन्‌महिने अन्नातून मिळवून वापरू शकतो, असे अलीकडचे संशोधन सांगते. नव्वद किलोंच्या मल्लासाठी हा आकडा पाच हजारांच्या आसपास येतो. एखाद्या दिवशी जास्त खाल्ले असेल, किंवा साथीदारांसह सगळ्या चुलीचा शिधा एकट्याच्या नावावर चढला असेल. रोज अठरा हजार मात्र नाही.

ज्याबद्दल वादच नाही, ते लंडनमध्ये १९१० साली घडले. उंची कमी म्हणून गामाला स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्याने उघड आव्हान दिले आणि अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा पाडले. १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशी अडीच तासांहून अधिक वेळ कुस्ती चालली. झिबिस्को बहुतेक वेळ मॅटला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेला फेरकुस्ती ठरली होती, पण झिबिस्को आलाच नाही. अडीचशे पौंड आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला. परत आल्यावर अलाहाबादेत त्याने रहीमबक्षलाही हरवले. १९२८ मध्ये पतियाळात झिबिस्को पुन्हा समोर आला. पन्नाशीला टेकलेल्या गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केले. या कुस्त्यांना घड्याळ होते, पंच होते, हजारो प्रेक्षक होते. अडीच तासांच्या त्या दमात बैठकांची खरी कमाई दिसते.

कोल्हापूरशीही या घराण्याचे नाते आहे. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष खेळून गेला. फाळणीनंतर गामा लाहोरात राहिला. दंगलीत त्याने आपल्या गल्लीतील हिंदू शेजाऱ्यांना वाचवल्याचे सांगितले जाते. शेवटची वर्षे आजारपणात आणि तंगीत गेली. मे १९६० मध्ये तो वारला.

आता तालमीतल्या पोराकडे येऊ. गामाची पाच हजारांची संख्या वर्षानुवर्षे चढत गेलेली होती. शंभरावरून एकदम हजार-दोन हजार बैठका मारल्या, तर मांडीचे स्नायू फुटतात आणि त्यातला मायोग्लोबिन हा घटक रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या दगडासारख्या कडक होणे, असह्य दुखणे आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होणे ही त्याची लक्षणे. अशी लघवी दिसली की मालीश करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेत सलाइन मिळाले तर मूत्रपिंडे बहुधा वाचतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते.

संख्या दर आठवड्याला थोडी-थोडीच वाढवावी, उन्हाळ्यात आणि तापातून उठल्यावर त्याहून सावकाश. सत्तर किलोंच्या मल्लाला दिवसाला ११० ते १४० ग्रॅम प्रथिने पुरतात. दूध, डाळ, अंडी, मटण यांतून ती मिळतात. आणि कुस्ती सुटली की तुपाचा हातही आखडावा.

बडोद्याचा दगड आजही आहे. सयाजीबागेत गेलात तर सोबत मोजपट्टी न्या.