महिन्याला शेकडा 5 व्याज, तर वर्षाला किती? 1150 मध्ये भास्कराचार्यांनी विचारलं होतं

मोबाईलवरचं कर्ज देणारं अ‍ॅप सांगतं, व्याज महिन्याला फक्त 5 टक्के. आकडा छोटा वाटतो. पण 16 हजार घेतले, तर वर्षाचं सरळव्याजच होतं 9,600 रुपये.

हेच गणित, हेच 16 आणि 5 घेऊन, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. तिथलं उत्तर आहे 9 पूर्णांक 3 पंचमांश.

भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. वडील महेश्वर ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. ग्रह-ताऱ्यांच्या गणितासाठी गाजलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती'.

आणि ही 'लीलावती' आकाशातून नाही, बाजारातून सुरू होते. सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक: 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म, 16 द्रम्मांचा निष्क. पुढे केशराचा भाव, सोन्याचा कस, व्याज. तीन व्यापाऱ्यांनी 51, 68 आणि 85 असं भांडवल घातलं आणि त्याचे 300 झाले, तर कुणाच्या वाट्याला किती? (75, 100 आणि 125.) यातली बरीच गणितं त्रैराशिकावर सुटतात. तीन आकडे माहीत असले की चौथा काढायचा, एवढंच.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला, लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती पसरली फैजीच्या 1587 च्या फारसी भाषांतरामुळे. मूळ ग्रंथात ती नाही. गंमत म्हणजे ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आतली गणितं मात्र फार थोड्यांना.

2023 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं होतं. जमलं जेमतेम 43 टक्क्यांना. ज्यांना निदान वजाबाकी येत होती, त्यांच्यातही कर्जाची परतफेड किती होईल हे सांगू शकले सुमारे 10 टक्केच. म्हणजे हप्ता कापला जातो, पण किती आणि का, हे कळत नाही. फसवणूक नेमकी इथेच होते.

भास्कराचार्यांनी 1183 मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना 'करणकुतूहल' लिहिलं. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला 1207 चा शिलालेख आजही वाचता येतो. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाचा खर्च कसा चालायचा ते कोरलंय: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा आणि प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल.