शाहीर पठ्ठे बापूराव

आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष या गावी इ. स. १८६६ मध्ये एका ब्राह्मण कुटुंबात श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांस पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो. कवित्व उपजतच होते. ते फुलले मात्र तमाशाच्या फडात. त्यापायी त्यांनी कुलकर्णीपणावर पाणी सोडिले व स्वजातीचा रोष पत्करिला. महार समाजातील गुणवती पवळा हिची जोड मिळाली, आणि त्यांची कवने मुंबईपर्यंत गाजली.

परंतु रात्री त्यांच्या गण-गवळणींवर माना डोलविणाऱ्यांपैकी कितीकांनी दिवसा या दोघांस आपल्या ओसरीवर बसविले असते? पुढे पवळेची साथ सुटली, पैसाही टिकला नाही, आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला.

त्यांचे आयुष्य निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या साऱ्याच लावण्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोग्या आहेत असेही नाही. तथापि ज्या काळी अस्पृश्याची सावलीही टाळीत, त्या काळी ते पवळेच्या शेजारी उभे राहिले. समतेचे धडे आम्ही शिक्षक नित्य देतो. त्यांनी धडा न देता ती आचरिली. हे ऋण आम्ही विसरू नये.