खिचडी बघून त्याला मोरोक्कोचा नाश्ता आठवला, मोहफुलं त्यानं अंजीर म्हणून खाल्ली

मोहाची फुलं वाळली की मनुकांसारखी दिसतात. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, केळापूर, झरी जामणी या भागात गेलात तर उन्हाळ्याच्या तोंडाशी भल्या पहाटे मोहाखाली फुलं वेचणारी गोंड आणि कोलाम कुटुंबं दिसतील. ही फुलं खायला होतात, विकायला होतात आणि दारू गाळायलाही होतात.

पण मोरोक्कोत जन्मलेल्या एका माणसानं जवळपास ७०० वर्षांपूर्वी याच मोहाबद्दल आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, हे तुम्हाला माहितीये का?

त्यानं लिहिलं, कारण त्याला अंजिरांची आठवण येत होती.

त्याचं नाव इब्न बतूता. शाळेच्या पुस्तकात याच्याबद्दल दोन ओळी असतात. मोरोक्कोचा प्रवासी, मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात भारतात आला, संपला विषय. पण त्या दोन ओळींच्या पलीकडचा हा माणूस जास्त भारी आहे. तो यवतमाळला आला नव्हता. मात्र देवगिरी आणि नंदुरबार त्यानं पाहिलं आणि तिथल्या लोकांच्या जेवणाखाण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं नोंदवलं.

२१व्या वर्षी घर सोडलं

इब्न बतूताचा जन्म १३०४ मध्ये टँजियरचा. आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं हे बंदर. समोर समुद्राची चिंचोळी पट्टी आणि पलीकडे स्पेन. घराणं अमाझिघ, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक बर्बर म्हणायचे त्या समाजातलं. घरात काजीपणाची परंपरा होती. पोरगंही इस्लामी कायदा शिकलं.

जून १३२५ मध्ये हा २१ वर्षांचा मुलगा हजला निघाला. आईवडील दोघंही हयात होते. सोबत ना मित्र, ना ओळखीचा काफिला. ट्युनिस, अलेक्झांड्रिया, कैरो असं करत तो मक्केला पोचला. हज झाली, आता माणूस घरी जाईल असं कुणालाही वाटेल.

पण हा गडी घरी गेलाच नाही. इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, तुर्कस्तान, मध्य आशिया असं फिरत फिरत १३३३ च्या सुमारास तो सिंधू नदीवर आला. घर सोडून आठ वर्षं झाली होती.

दिल्लीत मोठ्या पगाराची नोकरी

तेव्हा दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाचं राज्य होतं. त्याला परदेशी विद्वानांचं भारी वेड. बाहेरून आलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला तो मोठमोठ्या नेमणुका द्यायचा. इब्न बतूताला त्यानं दिल्लीचा काजी केलं, पगार वर्षाला १२,००० दिनार.

गंमत म्हणजे हा काजी मालिकी पंथाच्या कायद्यात शिकलेला आणि दिल्लीत चालायचा हनफी कायदा. त्यात दरबाराची भाषा त्याला धड येत नव्हती. सुलतानानं त्यावर तोडगा काढला आणि हाताखाली दोन माणसं दिली.

पण हाच सुलतान ज्या हातानं द्यायचा त्याच हातानं मुंडकंही उडवायचा. इब्न बतूता एका सुफी शेखला भेटायला गेला होता. पुढे त्या शेखवर सुलतानाची मर्जी फिरली आणि त्याला ठार मारण्यात आलं. भेटायला गेलेल्या काजीवरही पहारा बसला. जीव वाचला तसं त्यानं होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि काही काळ फकिरी पत्करली.

खिचडी म्हणजे काय, हे मोरोक्कोच्या लोकांना कसं सांगायचं?

या सगळ्या वर्षांत तो एक काम सतत करत होता. इथली प्रत्येक गोष्ट तो आपल्या गावाकडच्या गोष्टीशी ताडून बघत होता.

हिंदुस्थानातले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, वर तूप घालतात आणि रोज सकाळी खातात, असं त्यानं नोंदवलं. नावही दिलंय, किश्री. म्हणजे आपली खिचडी. पण मोरोक्कोतल्या माणसाला हे कळणार कसं? मग त्यानं सांगितलं की आपल्याकडे जशी हरिरा, तशी यांच्याकडे ही. हरिरा म्हणजे तिकडचं घट्टसर, गरम पेय. आपल्या आंबिलीच्या जातीतलं म्हणा.

कैरीचं लोणचं त्यानं असंच समजावलं. आपल्याकडे लिंबं मिठात मुरवतात, तशी हे लोक कैरी मुरवतात. पिकलेल्या आंब्याला सफरचंदाची उपमा दिली. फणसाला तर थेट हिंदुस्थानातलं सगळ्यात चांगलं फळ ठरवून टाकलं.

मोहाचं वर्णन आणखी बारकाईचं. पानं अक्रोडाच्या पानांसारखी, चव द्राक्षासारखी आणि जास्त खाल्लं तर डोकं दुखतं. उन्हात वाळवलं की चव अंजिरासारखी लागते. अंजीर त्याला इथं मिळत नव्हतं, म्हणून तो वाळवलेला मोह खायचा. ज्याला तो फळ समजला ते खरं तर फूल आहे, पण चवीत तो चुकला नाही. मोहाच्या बियांचं तेल काढून दिवे लावतात, हेही त्यानं टिपलं. टेंभरांची नोंदही त्याच्या यादीत आहे.

धान्यांतही तेच. खरीप आणि रब्बी हे दोन हंगाम, ज्वारी, मूग, उडीद आणि कोदो हे सगळं त्याच्या पुस्तकात सापडतं.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर त्या काळचे दरबारी इतिहासकार लढाया लिहायचे, कुणी कुणाला मारलं ते लिहायचे. कोदोची भाकर खाणाऱ्या माणसाबद्दल लिहायची त्यांना गरज वाटायची नाही, कारण तो रोज डोळ्यांसमोर होता. परक्या माणसाला मात्र रोजचंच नवं वाटतं. म्हणून आपल्या पूर्वजांच्या ताटात काय होतं, याची इतकी तपशीलवार नोंद मोरोक्कोच्या माणसाकडे मिळते.

देवगिरीचे उंदीर आणि नंदुरबारचे वैद्य

१३४२ मध्ये सुलतानानं त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. सोबत नजराणा होता, त्यात नुसते घोडेच शंभर. वाटेत अलीगढजवळ लुटारूंनी गाठलं, तो कसाबसा वाचला. मग ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन करत तो देवगिरीला, म्हणजे तेव्हाच्या दौलताबादला पोचला.

किल्ला बघून तो थक्क झाला. तिथल्या कैद्यांच्या अंधारकोठडीत मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना घाबरतात, असं त्यानं लिहिलंय. इथले लोक मराठे, हेही नोंदवलं. जडजवाहिराचा धंदा करणाऱ्या इथल्या श्रीमंत सावकारांना साह म्हणतात, हे सांगताना त्याला इजिप्तचे मोठे व्यापारी आठवले. इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, ही नोंदही त्याचीच.

दिल्लीच्या सुलतानाचा मुक्काम दौलताबादला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणी ४० दिवसांच्या वाटेवरून यायचं. टपालाची सोय तर त्याला फारच आवडली. हातात घुंगरांची काठी घेतलेला धावक पळत यायचा. आवाज ऐकून पुढच्या चौकीवरचा तयार राहायचा आणि थैली हातोहात पुढे जायची.

मग आलं नंदुरबार. गाव लहान, पण इथले मराठे हस्तकलेत तरबेज, वैद्य आणि ज्योतिषीही हुशार, असं त्याचं मत पडलं. हे लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात. जेवणाआधी अंघोळ करतात. सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात सोयरीक करत नाहीत. दारू पीत नाहीत.

या ओळींत कुठेही हेटाळणी नाही. काजीचा धर्म वेगळा होता, पण स्वच्छतेबद्दलची काळजी त्याला ओळखीची वाटली असावी.

याचा अर्थ हा माणूस संत होता असा नाही. त्याच्याकडे गुलाम होते. तो ठिकठिकाणी लग्नं करायचा आणि बायकांना सोडून पुढे जायचा. मालदीवमध्ये काजी झाल्यावर त्यानं तिथल्या बायकांना अंगभर कपडे घालायला लावायचा प्रयत्न केला, तो कुणी जुमानला नाही. मुस्लिमेतरांबद्दलचे त्या काळचे पूर्वग्रह त्याच्यातही होते. तरी डोळे उघडे होते, एवढं खरं.

घर गाठलं तेव्हा उशीर झाला होता

पुढे कालिकतला वादळात नजराण्याचं जहाज बुडालं. हा नमाजासाठी किनाऱ्यावर थांबला होता म्हणून वाचला. रिकाम्या हातानं सुलतानापुढे जायची हिंमत नव्हती, म्हणून तो मालदीव, श्रीलंका, बंगाल असं करत चीनला गेला, असं त्याचं पुस्तक सांगतं. तिथं त्याला एक व्यापारी भेटला. बोलता बोलता कळलं की तो मोरोक्कोच्या सेउटा गावचा, म्हणजे टँजियरच्या शेजारचाच. दोघंही रडले. काही वर्षांनी सहारा वाळवंटाच्या कडेला असलेल्या सिजिलमासा शहरात त्याला याच व्यापाऱ्याचा भाऊ भेटला.

१३४८ मध्ये दमास्कसला त्याला कळलं की वडील जाऊन १५ वर्षं झाली. म्हणजे तो सिंधूच्या काठी उतरत होता, साधारण तेव्हाच वडील गेले होते. त्या वर्षी प्लेगनं सगळीकडे माणसं मरत होती. तो मोरोक्कोकडे निघाला. १३४९ मध्ये घराच्या वाटेवर असतानाच बातमी आली की आईही प्लेगमध्ये गेली.

२४ वर्षांनी गावी परतलेल्या मुलाच्या वाट्याला आईची कबर आली.

थापा मारतो, असं लोक म्हणाले

त्यानंतरही तो स्पेनमधल्या ग्रानाडाला आणि सहारा ओलांडून मालीला जाऊन आला. मग मोरोक्कोच्या सुलतानानं हुकूम सोडला की हे सगळं लिहून काढा. इब्न बतूता सांगत गेला, इब्न जुझय नावाच्या लेखकानं लिहिलं आणि १३५५ मध्ये पुस्तक तयार झालं. त्याला रिहला, म्हणजे सफर, म्हणतात. पुस्तकाच्या शेवटाकडे त्यानं जगभर फिरून काढलेला निष्कर्ष दिलाय. आपल्या मोरोक्कोसारखी स्वस्ताई आणि तिथल्यासारखी फळं कुठंच नाहीत!

गावातल्या लोकांचा मात्र विश्वास बसेना. मोठा इतिहासकार इब्न खलदून तेव्हा फेझ शहरातच होता. हिंदुस्थानच्या सुलतानाच्या गोष्टी ऐकून लोक याला खोटारडा म्हणत होते, हे त्यानं नमूद केलंय. खलदूनलाही शंका आली. तेव्हा तिथल्या वजिरानं त्याला तुरुंगात वाढलेल्या एका पोराची गोष्ट सांगितली. त्या पोरानं उंदराशिवाय कुठला प्राणी पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे कुठल्याही मांसाचं नाव काढलं की तो विचारायचा, हा प्राणी उंदरासारखाच असतो का? मतलब काय, तर आपण पाहिलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

अर्थात पुस्तकातलं सगळंच खरं नाही. चीनच्या काही भागांवर आजचे अभ्यासक शंका घेतात. काही वर्णनं जुन्या प्रवाशांच्या पुस्तकातून उचललेली आहेत. राजधानी दौलताबादला हलवताना एका आंधळ्याला फरफटत नेलं आणि शेवटी त्याचा पायच पोचला, ही गोष्ट तर त्याच्या भारतात येण्याआधीची, म्हणजे ऐकीव.

पण खिचडी, कैरीचं लोणचं, मोह आणि टेंभरं यांबद्दल थाप मारायचं त्याला काही कारण नव्हतं. कोदो आजही खातात, मोह आजही वेचतात, कैरी आजही मुरवतात. त्यामुळे त्याची ही साक्ष आपल्याला घरबसल्या तपासता येते.

१३६८-६९ च्या सुमारास मोरोक्कोतच काजी म्हणून नोकरी करताना तो गेला. पुस्तक पुढे जवळपास विसरलं गेलं. १९व्या शतकात फ्रेंचांना अल्जेरियात त्याची हस्तलिखितं मिळाली. १८५३ ते १८५८ या काळात पॅरिसला चार खंड छापले गेले आणि मग जगाला इब्न बतूता कळला.

त्या खंडांमध्ये सुलतान आहेत, वजीर आहेत, लढाया आहेत. आणि त्यांच्याच मध्ये कुठेतरी तुपाची धार सोडलेली खिचडी आहे आणि उन्हात वाळत घातलेला मोह आहे.