बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर शेख

मध्यंतरी वर्गात संयुक्त महाराष्ट्राचा धडा शिकवत होतो. शाहीर अमर शेख यांचं नाव आलं, तसं मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं की शेख म्हणजे आपल्यातलेच का. घरी दखनी बोलणाऱ्या या पोराला मराठी शाहिरी म्हणजे दुसऱ्यांची चीज वाटत होती. म्हणून ही कहाणी आपल्या घराघरात पोहोचवावी असं आम्हाला वाटलं.

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. घरात गरिबी. मात्र आई मुनेरबी यांच्या ओठांवर लोकगीतं असायची आणि तीच लेकाची पहिली शाळा ठरली. गाणं शिकायला ना उस्ताद होता ना पैसा. पोटासाठी त्यांनी पाणक्याचं काम केलं, मोटारीवर क्लिनर म्हणून राबले, गिरणीतही काम केलं. बार्शीच्या गिरणी संपात ते पुढे झाले आणि तुरुंगात गेले. तिथूनच ते कम्युनिस्ट विचारांकडे वळले.

पुढे ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत कामाला लागले. तिथे मित्रांनी त्यांना अमर शेख हे नाव दिलं आणि तेच कायमचं झालं.

१९४४ च्या सुमारास मुंबईत अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. एक बार्शीचा मुसलमान, एक वाटेगावचा मातंग आणि तिसरे गवाणकर. तिघांनी मिळून कामगार-शेतकऱ्यांचं दुःख डफावर आणलं. अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हजारोंच्या सभा त्यांच्या पोवाड्यांनी पेटून उठायच्या. १ मे १९६० ला राज्य झालं, त्यात या आवाजाचाही वाटा आहे. गोवा मुक्तीच्या लढ्यासाठीही ते गायले. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह. ‘प्रपंच’ सिनेमात त्यांनी कामही केलं. त्यांची लेक मलिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री झाल्या.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात शाहीर गेले. वय अवघं ५२. आमच्या माळेगाव बुद्रुकहून बारामतीमार्गे इंदापूर काही फार लांब नाही. लग्नकार्याला, बाजाराला आपण त्या रस्त्याने कितीदा जातो. पण गाडीतल्या लेकरांना हे कोणी सांगत नाही.

वर्गातल्या त्या पोराला आम्ही एवढंच सांगितलं की हो, आपल्यातलेच, आणि सगळ्या महाराष्ट्राचेही. मराठी ही आपण उसनी घेतलेली भाषा नाही. मुनेरबींसारख्या आयांनी ती जात्यावर, पाळण्यावर जपली आहे. पुढच्या वेळी इंदापूरकडे जाल, तेव्हा मुलांना हे नाव जरूर सांगा.