विचारणारा माणूस : डॉ. आल्फ्रेड किन्सी

किन्सी हे नाव निघाले की आपल्या जुन्या घरांतून आवाज आपोआप खाली येतो. मला मात्र ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचे चरित्र एका निराळ्याच प्रश्नासाठी मोलाचे वाटते. आपल्या कामजीवनाविषयी माणूस जे सांगतो, त्यावर विसंबावे तरी किती? डॉक्टरांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो, कारण रोगाचे निदान पुष्कळदा रोग्याच्या आठवणीवरच अवलंबून असते.

किन्सी २३ जून १८९४ रोजी न्यू जर्सीतील होबोकेन येथे जन्मले. वडील कर्मठ मेथॉडिस्ट. १९१९ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून पुढल्याच वर्षी ते ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. ओक वृक्षावर गाठी निर्माण करणारी एक चिमुकली गांधीलमाशी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तिचे लाखो नमुने त्यांनी जमविले. एकाच जातीतही दोन जीव सारखे नसतात, हा धडा त्यांस ह्या माशीने दिला.

१९३८ साली विद्यापीठात विवाहविषयक अभ्यासक्रम सुरू झाला व त्याची धुरा किन्सींकडे आली. विद्यार्थ्यांच्या शंकांची उत्तरे शोधू जाता, ग्रंथांत उपदेश फार आणि नोंदी थोड्या असे त्यांस आढळले. मग माशा जमविणारा हा गृहस्थ माणसांच्या हकीकती जमवू लागला. त्यांनी व सहकाऱ्यांनी मिळून सुमारे १८००० मुलाखती घेतल्या. १९४८ साली पुरुषांविषयीचा आणि १९५३ साली स्त्रियांविषयीचा ग्रंथ निघाला.

त्यांची विचारण्याची रीत पाहण्याजोगी होती. प्रश्नांचा कागद समोर नसे. प्रश्न तोंडपाठ असत आणि उत्तरे सांकेतिक खुणांनी टिपली जात. अमुक गोष्ट केली काय, असे ते विचारीत नसत. प्रथम केव्हा केली, असे विचारीत. म्हणजे कबूल करण्यापेक्षा नाकारणेच अवघड व्हावे. ऐकताना चेहऱ्यावर नवल नाही, नापसंतीही नाही.

पण सांगितलेले खरे कशावरून? किन्सींनी १६२ जणांना निदान अठरा महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. कित्येक पतिपत्नींची उत्तरे परस्परांशी ताडून पाहिली. एखादी गोष्ट आयुष्यात घडली की नाही, ह्याविषयीची उत्तरे बव्हंशी जुळली. ती किती वेळा घडली व कोणत्या वयात, हे सांगताना मात्र आठवण डळमळली. गाजलेल्या आकड्यांपेक्षा मला हे निरीक्षण अधिक टिकाऊ वाटते.

मात्र ह्या पडताळ्यालाही मर्यादा आहे. एकच हकीकत दोनदा सारखी सांगितली म्हणजे ती खरी ठरत नाही. चूकही पाठ होते. शिवाय आपण होऊन बोलावयास येणारा मनुष्य न बोलणाऱ्यांचा प्रतिनिधी नव्हे. किन्सींच्या नोंदींत तुरुंगातील कैद्यांचाही भरणा होता. १९५४ साली कॉक्रन, मॉस्टेलर व टूकी ह्या संख्याशास्त्रज्ञांनी माणसे निवडण्याच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. त्याहून गंभीर दोष असा की, पहिल्या ग्रंथातील बालकांविषयीचे काही आकडे मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका इसमाच्या टिपणांतून घेतले होते. तटस्थपणे ऐकणे आणि गुन्हेगाराची वही पुरावा म्हणून वापरणे ह्यांतील सीमा किन्सींनी ओलांडली. त्याचे समर्थन मी करू शकत नाही.

१९५४ सालीच रॉकफेलर फाउंडेशनचे साहाय्य थांबले. २५ ऑगस्ट १९५६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, किन्सी निवर्तले.

आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांजवर खटला झाला व डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जेथे प्रश्नाचीच भीती, तेथे खरे उत्तर कोठून यावे? दुखणे लपते, निदान चुकते, आणि त्याची झळ बहुधा घरातील स्त्रीला पोचते. तारीख विसरली तरी हरकत नाही, आकडा चुकला तरी चालेल. काय घडले ते माणसाला आठवते. ते निर्भयपणे सांगता येईल अशा रीतीने विचारणारा कोणी हवा.