दादासाहेब फाळके आणि त्यांचे सिनेमाचे घर

शेजारच्या इब्न बतूता मॉलमध्ये सिनेमा संपला की पडद्यावर शेकडो नावे सरकत जातात. आपण ती न वाचताच उठतो. ‘राजा हरिश्चंद्र’ हा भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. त्या वेळी यातली कितीतरी कामे एकाच घरातली माणसे करीत होती. ते घर दादासाहेब फाळके यांचे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, इतकेच काय, जादूचे प्रयोगही त्यांनी केले. १९११ साली त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर का नसावेत, या विचाराने त्यांना झपाटले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले! उपचारांनी दृष्टी परत आली, पण वेड गेले नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि तंत्र शिकून परतले.

पण भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर रोप भराभर वाढताना पाहून लोक चकित झाले. मग पैसा मिळाला, तोही पुरला नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

सरस्वतीबाईंनी केवळ दागिनेच दिले नाहीत. कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्या शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री अंधारात फिल्मचे काम. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी मात्र एकही स्त्री मिळेना! शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे साळुंके नावाचे गृहस्थ तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला आणि गाजला.

पुढे फाळके नाशिकला गेले. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच! १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण खर्चावरून मतभेद झाले. दादासाहेब हट्टी होते, हे मान्य करायला हवे. रागावून ते काशीला गेले, काही काळाने परत आले. १९३१ मध्ये बोलपट सुरू झाले आणि त्यांची मूकपटांची विद्या मागे पडली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकच बोलपट. शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. तो जाहीर झाला की मला सरस्वतीबाईंचेही नाव आठवते.

त्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. पण ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा वाचला आहे. त्यातला खोडकर कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. आईबाबांसोबत तो जरूर शोधून पाहा. त्यात एकही शब्द ऐकू येत नाही, तरी गोष्ट सगळी कळते.