चिकोडीचे पागनीस, घराघरांतले तुकोबा

आषाढी जवळ आली की आमच्या घरी एक सिनेमा लागतोच. 'संत तुकाराम', प्रभातचा, 1936 सालचा. आधी दूरदर्शनवर बघायचो, मग सीडी आली, आता मोबाईलवर. आई तर संवाद आधीच म्हणून मोकळी होते. इतक्या वेळा बघितला, पण त्यातले तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आपल्या चिकोडीचे, हे मला कळायला चाळिशी उजाडली. बातमीच्या निमित्ताने चिकोडीला महिन्यातून दोन फेऱ्या होतात, तरी ही गत. चहाच्या गाड्यावर चौघांना विचारलं, तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तेवढी मान हलवली. म्हणून हे लिहायला घेतलं.

पागनीसांचा जन्म 1892 चा. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि आजची सीमा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. नाटकाच्या दृष्टीने तर हा मुलूख फारच श्रीमंत. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' काढली ती हुबळीत. नाटक कंपनी गावात आली की तंबू पडायचा, पेटी वाजायची, आणि गळा गोड असलेला पोरगा कुणाच्या तरी नजरेत भरायचा. पागनीसही असेच लहानपणी नाटकात गेले. बायका रंगभूमीवर येत नव्हत्या, तेव्हा अशा पोरांच्या वाट्याला लुगडं यायचं. पागनीसांची उमेदीची वर्षं स्त्रीभूमिका करण्यात गेली.

लुगडं नेसून उभं राहणं म्हणजे नुसता पोशाख नव्हे. चालणं, मान वळवणं, पदर सावरणं, आवाजाची पट्टी, सगळं अंगात मुरवावं लागायचं. आणि एकदा मुरलं की सहजासहजी निघत नाही. वय वाढलं की मात्र कंपनीला त्या नटाचा उपयोग उरत नाही. बालगंधर्व हे मोठंच नाव, त्यांना शेवटपर्यंत प्रेक्षकांनी त्याच रूपात मागितलं. बाकीच्यांचं काय झालं, हे कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही. पागनीसांकडे गाणं होतं, म्हणून ते तरले. भजनं गायचे. 'वंदे मातरम्'ला सारंग रागात चाल लावून 1928 साली त्यांनी ते ध्वनिमुद्रित केलं. ती चाल जुनी मंडळी अजून ओळखतात.

आता प्रभातकडे येऊ. 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी 1933 ला पुण्याला गेली. 1935 ला त्यांनी संत एकनाथांवर 'धर्मात्मा' काढला, त्यात एकनाथ झाले खुद्द बालगंधर्व. नाव केवढं, पण पडद्यावर जमलं नाही. त्यानंतर तुकारामांवरचा सिनेमा दामले आणि फत्तेलाल या जोडीकडे आला. शेख फत्तेलाल मूळचे कागलचे. म्हणजे निपाणी ओलांडली की लागणारं कागल. चिकोडीचा नट, कागलचा दिग्दर्शक आणि देहूचा संत. आजच्या नकाशावर यातली एक रेघ मध्ये येते, पडद्यावर येत नाही.

नट निवडताना पागनीसांचं नाव निघालं तेव्हा कंपनीत कुरकुर झाली. कारण तेच, लुगड्याचं. चव्वेचाळीसच्या घरातला माणूस, पण हालचालीत बायकी मऊपणा राहिलेला. असा नट तुकाराम कसा दिसेल? आधीच्याच वर्षी एक स्त्रीभूमिकावाला संत म्हणून चालला नव्हता, ही भीतीही असणार. असं म्हणतात की चित्रीकरणाआधी पागनीस देहूला जाऊन तुकोबांच्या पायाशी बसून आले. शेवटी दिग्दर्शकांनी तो मऊपणा घासून काढायचा प्रयत्न केला नाही. जसा आहे तसा राहू दिला.

आणि तीच गोष्ट कामी आली. सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा पागनीसांचे हात बघा. टाळ धरलेले, विठ्ठलापुढे जोडलेले, पोरांच्या डोक्यावरून फिरणारे. सालोमालो त्यांचे अभंग चोरतो, अपमान करतो, तरी या माणसाच्या अंगात प्रतिकाराची एक रेषा उमटत नाही. दुसरा कुणी नट असता तर सोसण्याचा अभिनय केला असता. पागनीसांना तो करावाच लागत नाही. गाणंही स्वतःचं. बसल्या जागी बोलता बोलता ते अभंगात शिरतात, बोलणं कुठं संपलं ते कळत नाही.

समोर जिजाई आहे गौरी. ही प्रभातमधली साधी एक्स्ट्रा नटी, मोठं नाव नव्हे. आजारी पोराला फरफटत देवळात नेऊन विठ्ठलावर चप्पल उगारणारी. लहानपणी मला ती भांडखोर वाटायची. आता घरखर्चाची वही स्वतः लिहितो, तर प्रत्येक वेळी तिची बाजू जास्त पटते. कॉमर्सचा माणूस आहे मी, घरात दाणा नसताना नवऱ्याने मिळालेलं वाटून टाकावं हे मला सोसणार नाही. पण पागनीस पडद्यावर आले की हिशोब गडबडतो खरा.

केशवराव भोळ्यांचं संगीत आणि शांताराम आठवल्यांची गीतं. बीज आणि झाडाचं ते गाणं आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, पण आज अनेक भजनी मंडळी ते तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात. मुंबईत हा सिनेमा वर्षभराहून जास्त चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

पागनीसांना मात्र त्यानंतर दुसरं रूप मिळालं नाही. 1939 ला 'संत तुलसीदास', 1940 ला 'नरसी भगत', दोन्ही हिंदी, दोन्हींत संतच. 'नरसी भगत'मध्ये दुर्गा खोटेंसारखी अभिनेत्री बरोबर होती. आधी वीस वर्षं लोकांनी त्यांना बाईच्या वेषात पाहिलं, नंतर सात वर्षं संताच्या. स्वतःच्या वेषात कधी पाहिलंच नाही, असं माझं मत. 1943 साली ते गेले, वय जेमतेम पन्नास.

तुकोबांची तसबीर म्हणून जे चित्र अनेक घरांत पुजलं जाऊ लागलं, ते पागनीसांच्या चेहऱ्याचं होतं. निपाणीला माझ्या आत्याच्या देवघरात तशीच एक फ्रेम आहे, कडेने वाळवी लागलेली. मागच्या एकादशीला आत्याला सांगितलं, आत्या, हे तुकोबा नव्हेत, हे चिकोडीचे पागनीस. तिने फ्रेम पदराने पुसली, बुक्का लावला आणि म्हणाली, चिकोडीचे? मग आपलेच की.